विदू देवाला सांगतो

शोळिंगनल्लूर, चेन्नई
१८ जानेवारी २०२४

दादा,

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून लिहिते आहे. आई गेल्यावर विदूला कोणी न्यायचं यावरून जे बोलणं झालं ते झालं. तो माझ्याकडे आला याचं मला वाईट वाटत नाही. आज ते काढायचंही नाही.

विदू आमच्या दारात कोसळला. रविवारी भोगी होती. इथे भोगीच्या पहाटे जुन्या वस्तू जाळतात आणि पोरं छोटे ढोल बडवत गल्लीतून फिरतात. विदूला आवाजाची केवढी धास्ती आहे ते तुला ठाऊक आहे. तो खाली फुलवाल्या अम्मांशी गप्पा मारत उभा होता. ढोल सुरू झाले तसा कान झाकून तीन मजले पळत वर आला आणि दारासमोरच पडला. ओठ निळे पडले होते. मिनिटभराने डोळे उघडले आणि म्हणाला, "ऋजू, दार उघडं ठेवत जा."

तपासण्या झाल्या. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सुरुवातीलाच आवळल्यासारखी अरुंद आहे. छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. नाही केलं तर असाच एक दिवस पडेल आणि उठणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. केलं तरी अशा हृदयाला भूल देणंच मोठ्या जोखमीचं असतं. वीस फेब्रुवारी ही तारीख मिळाली आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याला सांगू का? आणि तू येशील का?

तुला आणखी एक सांगायचं होतं. रोज दिवेलागणीला विदू गॅलरीत उभा राहतो आणि देवाला दिवसभराचं सांगतो. मोठ्याने, हातवारे करत, शेजारच्या गॅलरीतल्या माणसाशी बोलावं तसं. "आज सांबार तिखट होतं. वॉचमन गावाला गेला. पुष्करची बस उशिरा आली." पुष्करची कंपनी पार इरुंगाट्टुकोट्टैला, त्यामुळे नवरा माझा रोजच उशिरा घरी येतो आणि हा ते रोज सांगतो. मागत काही नाही. सात महिने मी ऐकते आहे, एकदाही "मला हे दे" म्हणालेला नाही. मी स्वतः देव मानते की नाही ते मलाच नीट माहीत नाही. पण तो बोलत असला की मी गॅस बंद करून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते.

आई गेली त्या आठवड्यातलं आठवतं का? आपण सगळे आत बसलो होतो आणि हा अंगणात उभा राहून म्हणाला, "देवा, आई पोचली का? तिच्या गुडघ्याला शेक द्यावा लागतो." तू तेव्हा उठून निघून गेलास. मला तुझा फार राग आला होता.

ऋजुता


श्रीरामपूर
२५ जानेवारी

ऋजुता,

पत्र मिळालं. पुष्करने पाठवलेले रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवले. तेही ऑपरेशनच सांगतात, तेव्हा करावं.

त्याला काही सांगू नकोस. तपासणीला जायचं आहे एवढंच म्हण.

मला येता येणार नाही. कारखान्याचा गळीत हंगाम भरात आहे, प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. मार्चच्या मध्यापर्यंत सुटका नाही. हवं तर कल्पनाला पाठवतो, वहिनी असली की तुलाही आधार होईल.

काही गोष्टी लक्षात ठेव. हॉस्पिटलात ट्रे आपटतात, स्टीलची भांडी पडतात. त्याच्या कानात कापूस घालू नकोस, त्याला टोचतो. जुन्या मऊ धोतराच्या फडक्याची सुरळी करून दे. सुई टोचताना "तिकडे बघ" म्हणू नये, त्याला सुई बघायची असते, मग तो हात हलवत नाही. संत्रं देताना फोडीवरचे पांढरे धागे काढून देत जा. अनोळखी माणसाबरोबर निघून जाईल, लक्ष ठेव.

तू त्याच्या देवाविषयी लिहिलंस. त्याला कळत नाही म्हणून तो शांत आहे. ज्याला कळतं त्याला असं बोलता येत नाही. तो तीन वर्षांचा असताना मनमाडला त्याला ताप आला आणि त्या तापात त्याचं डोकं गेलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. त्यानंतर तो तीन वर्षांचाच राहिला. तीन वर्षांचं मूल कोणावरही विश्वास ठेवतं. त्यात अप्रूप वाटण्यासारखं काही नाही.

हेरंब


चेन्नई
३ फेब्रुवारी

दादा,

संत्र्याचं मला सात महिन्यांत कळलं नव्हतं. तो फोडी चघळून चोथा बशीत काढायचा आणि मी ओरडायचे. काल धागे काढून दिले तर म्हणाला, "दादासारखं केलंस." तू हे कधी करायचास? माझ्या आठवणीत तू त्याच्याजवळ बसलेलाच नाहीस.

त्याला सांगू नको म्हणालास, पण ते माझ्या हातात राहिलं नाही. काल तपासणीला गेलो तर त्याने डॉक्टरांनाच विचारलं, तेही तमिळमध्ये. त्याचं तमिळ माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे. "डॉक्टरम्मा, माझ्या छातीत काय झालंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढून सगळं सांगितलं. नळी कुठे आवळली आहे, ती रुंद कशी करणार, त्यासाठी छाती कुठून कुठपर्यंत उघडणार.

"मी मरेन का?" त्याने विचारलं.

"बहुतेक नाही," त्या म्हणाल्या. "पण मरूही शकतोस."

"बरं," विदू म्हणाला आणि कापायला लागला.

दादा, तो इतका कापत होता की खुर्चीचे पाय फरशीवर वाजत होते. तू म्हणतोस त्याला कळत नाही. त्याला सगळं कळलं होतं. त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, म्हणाला, "देवा, माझी छाती कापणार आहेत. मला फार भीती वाटते. तू ये." थोडा वेळ थांबला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आला."

कापणं थांबलं नव्हतं. हात माझ्या हातात होते, ते गार पडले होते. मी विचारलं, "तो आला, तर मग अजून का कापतोस?"

"भीती आहे ना," तो म्हणाला. "भीतीपण आहे, देवपण आहे. दोघं आहेत."

डॉक्टर पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या. बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते, नर्स दोनदा दार उघडून गेली. मला त्या खोलीत एकदम आवाज न करता बसावंसं वाटलं. का ते नीट सांगता येत नाही. आपण भीती घालवायला देवाकडे जातो आणि ती गेली नाही की तो नाही असं समजतो. याने दोघांनाही बसायला जागा दिली होती.

आणखी एक राहिलंच. डॉक्टर म्हणाल्या की विदूचं असं असणं तापामुळे नाही. जन्मतःच त्याच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा नाही. त्याचा चेहरा, डोळ्यांतली ती चांदणीसारखी नक्षी, गाण्याचा कान, आवाजाची भीती, अरुंद नळी, सगळं त्यामुळेच. कोणावरही पटकन विश्वास ठेवणं हेसुद्धा त्यातच येतं म्हणे. खात्रीसाठी रक्त पाठवलं आहे. आई बिचारी जन्मभर त्या तापाला दोष देत बसली.

ऋजुता


श्रीरामपूर
८ फेब्रुवारी

ऋजुता,

डॉक्टरांना पुन्हा विचार. ताप नाही, हे त्यांनी नक्की कशावरून सांगितलं? तीन वर्षांच्या मुलाला कडक ताप आला, आकडी आली आणि डॉक्टर तासभर उशिरा आले, तर असं होऊ शकतं का, हे स्पष्ट विचार. रक्ताचा रिपोर्ट आला की त्याची प्रत पाठव. लेखी हवं.

हेरंब


चेन्नई
१३ फेब्रुवारी

दादा,

सोबत प्रत आहे. डॉक्टरांना तुझा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हा तुकडा तो पोटात होता तेव्हापासूनच नव्हता. डॉक्टर तासाभराने आले असते काय किंवा उंबऱ्यात बसून असते काय, तो असाच झाला असता. झालं समाधान? ऑपरेशन आठवड्यावर आलं आहे आणि तू एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या तापाची चौकशी करतो आहेस. विदू कसा आहे, हे तू एका ओळीतही विचारलं नाहीस. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

त्याला कालपासून दाखल करून घेतलं आहे. शेजारच्या कॉटवर बालाजीराव म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत. तंजावरकडचे मराठी, घराणं तीनशे वर्षांपासून इकडचंच. एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात नोकरी झाली. त्यांचीही हृदयाची शस्त्रक्रिया आहे, उद्या. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते, मुलाशी, नर्सशी, कोणाशी बोलत नव्हते. काल ते स्वतःशीच काही पुटपुटले आणि विदू ताडकन उठून बसला. "ऋजू, आजोबा मराठी आहेत."

त्यांची मराठी ऐकताना जुना कागद वाचल्यासारखं वाटतं, मध्येच तमिळ शब्द. विदू त्यांच्या कॉटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला भीती वाटते का? मला वाटते."

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

"आपण दोघं सांगू या," विदू म्हणाला आणि नेहमीसारखा मोठ्याने सुरू झाला. "देवा, मी विदू. हे बालाजी आजोबा. आम्हाला भीती वाटते. त्यांना परवा नेणार, मला मंगळवारी."

वॉर्डातली सगळी माणसं बघत होती. मला संकोच वाटला. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या माणसाने विदूचा हात धरला आणि ते तोंडावर पांघरूण ओढून रडायला लागले. नंतर मला म्हणाले, "पन्नास वर्षें पूजा केली, अम्मा. सारीं स्तोत्रें पाठ आहेत. मज भय वाटतें, एवढें मात्र कधीं सांगितलें नाहीं."

आज सकाळी त्यांनी इडली खाल्ली. मुलगा म्हणाला, आठ दिवसांत पहिल्यांदा.

ऋजुता


श्रीरामपूर
१७ फेब्रुवारी

ऋजू,

तापाचं काय घेऊन बसलास, हे तुझं रागावणं बरोबर आहे. सांगतो.

जानेवारी त्र्याऐंशी. मी नऊ वर्षांचा होतो. आपण मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मालगाडी घेऊन भुसावळला गेले होते. दुपारी विदूचं अंग भट्टीसारखं तापलं आणि त्याला आकडी आली. आईने त्याला मांडीवर धरलं होतं. ती मला म्हणाली, "पळत जा, डॉक्टरांना घेऊन ये."

दवाखाना यार्डापलीकडे, दहा मिनिटांवर. मी पळत निघालो. यार्डात सर्कशीची गाडी आली होती आणि मालडब्यातून हत्ती उतरवत होते. हत्ती फळीवर पाय ठेवायला तयार नव्हता. माहूत त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता. मी थांबलो. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. हत्तीने अखेर पाऊल टाकलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग आठवलं.

दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर नुकतेच दुसऱ्या पेशंटकडे गेले होते. परत यायला त्यांना तास लागला. घरी आईने विचारलं, "इतका उशीर?" मी म्हणालो, "डॉक्टर नव्हते." ते खरंच होतं, म्हणून पुढे कोणी विचारलं नाही.

पुढे जो कोणी घरी येईल त्याला आई सांगायची, "त्या तापापासून हा असा." दर वेळी मी तिथेच असायचो. विदूला संत्र्याचे धागे काढून देणं एवढंच मला करता यायचं. ते मी तू शाळेत गेल्यावर करायचो. मोठेपणी तेही सुटलं. आरतीला उभा राहिलो तर टाळ्यांना हात उचलायचे नाहीत. वाटायचं, समोर जो आहे त्याने मला त्या दिवशी टाळ्या वाजवताना पाहिलं आहे. शेवटी आरतीला जाणंच सोडलं. लोक समजले मी नास्तिक आहे. ते सोयीचं होतं.

आई गेल्यावर त्याला माझ्याकडे न ठेवण्याची मी जी कारणं सांगितली ती सगळी खोटी होती. तो माणसाच्या तोंडाकडे थेट बघून बोलतो. मला ते रोज झेपलं नसतं.

आता तू पाठवलेला कागद म्हणतो की तो जन्मतःच तसा होता. मी प्रयोगशाळेतला माणूस आहे, मला कागद वाचता येतो. दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी मी थांबलो होतो, हे त्या कागदाने पुसलं जात नाही. त्याला काही झालं नाही हा माझा गुण नव्हे.

डॉक्टर म्हणतात, विश्वास ठेवणंसुद्धा त्या हरवलेल्या तुकड्यामुळे. मला ते पटलं होतं. पण "दोघं आहेत" हे त्याचं बोलणं कुठल्या तुकड्यात बसवायचं ते मला जमलेलं नाही. माझ्याकडे एकेचाळीस वर्षं एकटी भीतीच होती.

हे पत्र त्याला वाचून दाखव. ऑपरेशनच्या आधी. माझ्याकडून त्याला कळल्याशिवाय त्याला आत नेऊ देऊ नकोस.

हेरंब


चेन्नई
८ मार्च

दादा,

पुष्कर तुला रोज "स्थिर आहे" असं कळवत होता. तसं कळवायला मीच सांगितलं होतं. आज विदू उशीला टेकून बसला, म्हणून आता सगळं लिहिते.

तुझं पत्र एकोणीसला दुपारी कुरिअरने आलं. त्याआधीचं एक सांगायला हवं. बालाजीराव ऑपरेशनमधून परत आले नाहीत. विदूने रिकामी कॉट पाहिली, नवी चादर घालताना पाहिलं. मी काही गोड बनवून सांगणार होते, पण त्याने नर्सला विचारून टाकलं होतं. तो हमसून हमसून रडला. संध्याकाळी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "देवा, आजोबांना मराठी बोलायला कोणी नसतं. तू बोल त्यांच्याशी." तेव्हा आत नेलेला माणूस परत येतोच असं नाही, हे त्याला तुझं पत्र वाचण्याआधी नक्की माहीत होतं. हे तू लक्षात ठेव.

मी त्याच्याजवळ बसून पत्र वाचलं. एकही ओळ गाळली नाही. मध्ये थांबून पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. तो मान वाकडी करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हत्ती केवढा होता?"

मी म्हणाले, "पत्रात नाही लिहिलं."

"दादाने पाहिला ना. त्याला विचारू." मग थोड्या वेळाने, "दादा कोणाला सांगत नव्हता?"

"नाही."

"देवालापण नाही?"

"नाही."

हे त्याला फार वाईट वाटलं. तुझं थांबणं, तो ताप, यातलं काही त्याला लागलं नाही, पण तू कोणालाच सांगितलं नाहीस यावर त्याचे डोळे भरून आले. तो खिडकीशी गेला. अंगाला जिथे तिथे वायरी चिकटवलेल्या होत्या, त्या सांभाळत उभा राहिला आणि म्हणाला, "देवा, दादा एकटा आहे. खूप वर्षं एकटा आहे. तू आता त्याच्याकडे जा. श्रीरामपूरला. मी इथे थांबतो."

दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला नेणार होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अरे, मग उद्या तुझ्याजवळ कोण?"

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. हात पुन्हा कापायला लागले होते. मग म्हणाला, "तो मला ओळखतो. शोधेल मला."

लहानपणापासून मी समजत आले की विदूला आपण सांभाळतो. त्या खिडकीपाशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरात एवढं मोठं काहीतरी वावरत होतं आणि आपण त्याच्या कानातल्या कापसाची काळजी करत होतो. डॉक्टर म्हणतात तसा एक तुकडा त्याच्यात कमी असेल. मला हेवा वाटला एवढं खरं.

भूल देतानाच त्याचं हृदय थांबलं. चार मिनिटं. त्यांनी ते पुन्हा सुरू केलं आणि मग सात तास ऑपरेशन चाललं. नंतर नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. मी बाहेरच्या बाकावर बसून त्याच्यासारखं बोलून पाहिलं. "तू ये" एवढंच जमलं. कोणी आलं की नाही ते मला कळलं नाही. पण मी रोज म्हणत राहिले.

घशातली नळी काढल्यावर आठवडाभर आवाज नव्हता. काल पहिल्यांदा बोलला. अगदी घोगरं. मी कान जवळ नेला. म्हणाला, "दादाकडे गेला का तो? विचार."

काय सांगू?

ऋजू


श्रीरामपूर
३ एप्रिल

ऋजू,

काय सांगू, असं तू विचारलं होतंस. पत्राने उत्तर देता येईना म्हणून हंगाम आटोपता आटोपता निघून चेन्नईला आलो, तोवर विदू घरी आला होता. त्या बारा दिवसांत आपण तिघं पुष्कळ बोललो, पण तू ऑफिसला गेल्यावर आमच्या दोघांत जे झालं ते तुला सांगायचं राहिलं.

पहिल्याच दुपारी त्याने मला समोर बसवलं आणि विचारलं, "आला होता का तो?" हो म्हणालो असतो तर तो खूश झाला असता. पण त्याच्यापुढे आणखी एक खोटं माझ्याच्याने बोलवेना. मी म्हणालो, "विदू, मला कळलं नाही. मी वाट पाहिली. पण कळलं नाही."

"चालतं," तो म्हणाला. "कळायलाच पाहिजे असं नाही." आणि माझ्या हातातलं संत्रं घेतलं.

मग त्याने मला त्या हत्तीचं सगळं सांगायला लावलं. रंग, सोंड, साखळी, फळीचा आवाज. ज्या आठवणीवरून मी एकेचाळीस वर्षं मान फिरवली तिच्यात एक देखणा, घाबरलेला हत्ती होता, हे मला प्रथमच दिसलं. मी टाळ्या वाजवल्या तिथे आलो आणि थांबलो. विदूने त्याच्या त्या अशक्त हातांनी टाळ्या वाजवल्या. टाक्यांवर ताण पडला म्हणून कळवळला आणि तरी हसत होता.

नंतर एका दुपारी मी धीर करून विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी तुझं हृदय थांबलं होतं, माहीत आहे का? चार मिनिटं."

"ऋजू म्हणाली."

"तेव्हाचं काही आठवतं? काही दिसलं?"

मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. काहीतरी उजेड, आई, असलं काही असावं.

"नाही," तो म्हणाला. "झोपलो होतो."

"भीती नाही वाटली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान आहे. "झोपल्यावर भीती कशी वाटेल, दादा?"

मी निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी तो मला गॅलरीत घेऊन गेला. "आता तू सांग," म्हणाला. मी उभा राहिलो. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या. एक शब्द फुटला नाही. तेव्हा विदूच म्हणाला, "देवा, हा दादा. याला बोलता येत नाही. याचं मी सांगतो." आणि सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही. पण मी जे कोणाजवळही बोललो नव्हतो, तुला लिहिलेल्या पत्रातही नाही, त्यातलं बरंचसं त्यात होतं. त्याला ते कुठून कळलं मला माहीत नाही. मी कठडा धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एग्मोरला पुष्करने गाडीत बसवून दिलं. सकाळी वाडी जंक्शन गेल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झालो. दुपारी दौंडला उतरून श्रीरामपूरची गाडी धरायची होती. कोणीतरी खांदा हलवत होतं. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणत होत्या, "अहो काका, उठा, पुणे आलं." सोलापूर कधी गेलं, दौंड कधी गेलं, मला पत्ता नव्हता. चहावाले ओरडून गेले असतील, डब्यात पोरं खेळत होती, खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं. मी चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून झोपलो होतो.

एवढी झोप मला नऊ वर्षांचा असल्यापासून लागलेली नाही. विदूला एवढं सांग. त्याने विचारलं होतं ना.

हेरंबदादा